सामाईक मोटार

"यापुढे या घरात कोणाचं कोणावाचून अडणार नाय," असं कमळाकरने रविवारी सकाळी जिन्याकडे तोंड करून, तोंडात टूथपेस्टचा फेस धरून जाहीर केलं आणि चूळ भरायला नळ सोडला. नळ खाकरला, दोनदा हवा सोडली आणि गप्प झाला.

जिन्याखाली थोरला भाऊ बाबाजी राहतो. पडवीवर कौलं घालायची की पत्रा, यावरून दोघांचं बोलणं तुटलं आणि पेणच्या त्या घराची वाटणी झाली. भांडी वाटली, पंखे वाटले, आंब्याच्यासुद्धा उगवतीच्या फांद्या एकाच्या नि मावळतीच्या दुसऱ्याच्या झाल्या. वाटता आली नाही ती विहीर, तिच्यातली मोटार, वरच्या गॅलरीतून अंगण दाखवणारा कॅमेरा आणि वायफाय.

मोटारीचं बटण बाबाजीच्या पडवीत. ते दाबायला रोज भावासमोर उभं राहायचं, हे काही कमळाकरला जमणारं नव्हतं. धाटावच्या कंपनीत त्याने उभी नोकरी कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून लांबलांबच्या मोटारी चालवण्यात काढलेली. तेव्हा त्याने वायफायवर चालणारं बटण आणलं आणि वर बसून फोनवरून पाणी चढवू लागला. बाबाजीशी एक शब्द न बोलता टाकी भरायची. याला कमळाकर प्रगती म्हणत असे.

आज मात्र फोन म्हणाला, 'उपकरण सापडत नाही.'

"अवो, टाकी ठणठणीत कोरडी हाय," शांती स्वयंपाकघरातून म्हणाली. "रोह्याची मंडळी निघालीत, आत्ताच फोन होता. पोरीला बघायला येतायत. हातपाय धुवायला काय देऊ, सरबत?"

निशिगंधाला पसंत पडलेला हा पहिलाच मुलगा. आधीच्या चार जणांना तिने पोहेसुद्धा संपवू दिले नव्हते. त्यामुळे आज पाण्यावाचून शोभा होणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

"खाली सगुणावैनीला हाक मारते," शांती म्हणाली. "बटण तर दाबायचंय." दोघी जावांचं बोलणं एक दिवसही बंद नव्हतं, वाटणीत तो मुद्दा कोणी काढलाच नव्हता.

"नाय. यांत्रिक बिघाड हाय. शोधून काढतो."

"शोधा. मी अंगणात कपडे वाळत घालून येते."

कमळाकरने फोन बंद करून चालू केला. वायफाय बंद करून चालू केलं. गच्चीत जाऊन विहिरीच्या दिशेने फोन धरला. मोटार विहिरीच्या तळाशी, तिचा आवाज वर येत नाही. त्यामुळे ती बंद आहे, चालू आहे की रुसली आहे, काही कळायला मार्ग नव्हता. यूट्यूब मात्र झकास चालत होतं. म्हणजे जगभरचं सगळं दिसत होतं, स्वतःच्या विहिरीतलं तेवढं दिसत नव्हतं.

"बाबा, काकांनी बंद केलं असेल?" निशिगंधाने साडीची पिन तोंडात धरून विचारलं.

हाच संशय कमळाकरच्या मनात केव्हाचा होता, पण मुलीच्या तोंडून ऐकल्यावर त्याला तो हलकट वाटला. त्याने केबलवाल्या रितेशला फोन लावला. रितेश जिते गावात एका खांबावर चढलेला होता.

"काका, फोन कुठल्या नावावर हाय?"

आदल्या संध्याकाळी रितेशने नवा राउटर जिन्याच्या वळणावर, मोजून मधोमध ठोकला होता. त्यातून वायफायची दोन नावं निघतात असं तो म्हणाला, तेव्हा भावांनी ती लगेच वाटून घेतली. 'बाबाजी' खाली, 'कमळाकर पाच' वर.

"माझ्याच नावावर. पाचावर."

"नि मोटारीचं बटण?"

"ते पण पाचावर घाल ना."

"ते पाचावर चढत नाय. पाच ही वायफायची नवी लाट, हे बटण जुन्या लाटेवरच चालतं. म्हणून ते खालच्या नावावर हाय."

"पण डबा तर एकच."

"डबा एकच, व्हय."

"मग एका डब्यातले दोघे एकमेकांना ओळखत कसे नाय?"

खांबावरून हुकूम आला. "राउटरपाशी जा काका. खालच्या बाजूला चिठ्ठी चिकटवलीय, त्यावरचा पासवर्ड वाचा."

कमळाकर फोन कानाला लावून जिन्याच्या वळणावर आला, तर खालून बाबाजी वर येत होता, हातात फोन आणि कपाळावर आठ्या. दोघे राउटरखाली उभे राहिले. बाबाजी राउटरला उद्देशून म्हणाला, "वरच्या गॅलरीतला कॅमेरा बंद केलाय काय कोणी? अंगणात पापड घातलेत. कावळे कसे बघायचे?"

कमळाकरने राउटरलाच उत्तर दिलं. "कोणी काय बंद केलेलं नाय. उलट मोटार कोणी बंद केलीय ते विचारा."

"काका, दोघं हायत काय तिथं?" फोनमधून रितेश म्हणाला. "बरं झालं. काल तुम्ही मला वर बोलावून काय सांगितलंत? खालच्याचं वर दिसता कामा नये, वरच्याचं खाली. मग बाबाजीकाकांनी पडवीत नेऊन तेच सांगितलं. म्हणून मी राउटरच्या सेटिंगमध्ये टिक मारली. ती टिक असली की या नावावरची वस्तू त्या नावावरच्या वस्तूशी बोलत नाय."

दोघांनी प्रथमच एकमेकांकडे पाहिलं.

"तू पण सांगितलंस?" कमळाकर म्हणाला.

"तू सांगणार हे मला ठाऊक नव्हतं," बाबाजी म्हणाला. "नायतर मी कशाला तोंड वाजवलं असतं?"

टिक काढायला पासवर्ड हवा होता. कमळाकरचा चष्मा वर राहिलेला, तेव्हा बाबाजीने अक्षरं वाचली आणि कमळाकरने दाबली. टिक गेली. कमळाकरच्या फोनवर मोटार उगवली, हिरवीगार: 'चालू'.

"मी तर बटण दाबलंच नाय," कमळाकर चक्रावून म्हणाला. "आपोआप कशी चालू?"

तेवढ्यात बाबाजीच्या फोनवर अंगण उमटलं. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि पाण्याची धार खाली येत होती. धारेखाली खाट होती, खाटेवर पापड होते आणि खाटेभोवती पदर खोचून सगुणा आणि शांती धावत होत्या. कपडे वाळत घालायला गेलेल्या शांतीने कधीचीच वैनीला हाक मारली होती आणि वैनीने हाताने बटण दाबलं होतं.

"बघ," बाबाजी फोन पुढे करत म्हणाला. "म्हणजे मी बंद केली नव्हती."

"तसं मी कुठं म्हणालो?"

"राउटरला म्हणालास."

"पण कौलांचं जे झालं त्यात, दादा, चूक–"

"कमळ्या, पत्रा मी एवढ्यासाठी म्हणत होतो की–"

"भावजी!" अंगणातून सगुणाचा आवाज आला. "ते मागाहून बोला. आधी खाली येऊन खाटेचं एक टोक धरा, आणि येताना ती मोटार बंद करा."