एकोप्यातलं टेबल

मित्रांनो, बाभुळगावच्या अलीकडे कॅनॉलच्या रस्त्याला पुंडलिकरावांचं शेत आहे. त्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांखाली एक लांबलचक टेबल दबून पडलेलं दिसतं. ते टेबल म्हणजे मी. फवारणीचा पंप माझ्याच अंगावर ठेवतात. त्यातून गळणाऱ्या औषधाने माझ्यावर पांढरे चट्टे पडले आहेत. माझी कहाणी ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही, हे आधीच सांगतो. पण ती कोणीतरी ऐकावी असं मला वाटतं.

माझं लाकूड सागवानाचं. बाभुळगावातली कापसातून सरकी काढणारी एक जुनी जिनिंग बंद पडली आणि तिचं गोदाम पाडलं, तेव्हा छपराच्या दोन तुळया पुंडलिकरावांनी आणून गोठ्यात टाकल्या होत्या. कित्येक वर्षं मी कापसाच्या गाठींवर छप्पर तोलून धरलं होतं. भीमराज मिस्त्रींनी त्या तुळया चिरल्या, रंधा मारला, सांधे जुळवले. सागवान पुरलं नाही म्हणून पाय बाभळीचे केले. काम संपल्यावर त्यांनी माझ्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "घर हालंल, पण हे हालणार नाही." कौतुक मला पुढे पुष्कळ मिळालं, पण इतकं खरं पुन्हा मिळालं नाही.

मला बनवून घेतलं अंकुरने. पुंडलिकराव आणि विमलताईंचा हा एकुलता एक मुलगा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता. करोनाच्या काळात तो घरी आला आणि इथूनच कंपनीचं काम करू लागला. काम तर होई, पण एकट्याला करमत नसे. म्हणून त्याने शेतातलं चार खोल्यांचं रिकामं घर डागडुजी करून घेतलं, छपरावर सोलर आणि घरात इन्व्हर्टर बसवला, जमिनीखालच्या केबलने इंटरनेट आणलं. त्याची कल्पना अशी, की आपल्यासारखं कुठूनही काम करणाऱ्यांनी इथे यावं, एकत्र राहावं, दिवसा आपापल्या कंपनीचं काम करावं आणि संध्याकाळी बांधावरून फिरावं. खर्चाचा वाटा सगळ्यांचा सारखा, घरकामाच्या पाळ्या सारख्या, मालक कोणी नाही. दारावर त्याने निळ्या रंगात नाव लिहिलं, 'एकोपा'.

त्या घराच्या मधल्या खोलीत मला ठेवलं. माझ्या पोटाखाली वीज घेण्याच्या जागांची एक लांब पट्टी स्क्रूने बसवली. सकाळी माझ्यावर लॅपटॉप उघडत, दुपारी त्याच जागी ताटं येत. येणारे-जाणारे बरेच होते, पण टिकून राहिले ते दोघे. पुण्याची निकिता कंपन्यांसाठी चित्रं आणि जाहिराती करायची. नाशिकचा नयन परदेशातल्या ग्राहकांशी तासन् तास इंग्रजीत बोलायचा. स्वयंपाकाला गावातल्या पंचफुलाबाई येत. मला वाटे, जिनिंगच्या गोदामातून सुटून आपण योग्य जागी पोचलो.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आसपास वर्षा आली. चार किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातल्या देवसिंग राठोडांची ही मुलगी यवतमाळला बी.कॉम. झाली होती. हैदराबादच्या एका कंपनीत तिला जूनपासून वर्षभराच्या करारावर काम मिळालं होतं. ग्राहकांच्या तक्रारींना मराठीत आणि हिंदीत उत्तरं द्यायची, तीही घरी बसून. पण तांड्यात नेटवर्क एका झाडाखालीच येई, आणि दुपारभर वीज नसे. एकोप्याची गोष्ट तिच्या कानावर गेली आणि तिने स्वतःच अंकुरला फोन केला.

देवसिंग तिला मोटरसायकलवरून सोडायला आले. रुक्माबाईंनी, म्हणजे तिच्या याडीने, आईने, ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली होती. देवसिंग दारातच उभे राहिले आणि अंकुरला म्हणाले, की आमच्यातली कोणी पोरगी अशी बाहेर राहून काम करत नाही, तांड्यात चार लोक चार गोष्टी बोलत आहेत. अंकुरने त्यांचा हात हातात घेतला. तिला इथे घरच्यासारखं वाटेल, अशी खात्री दिली.

वर्षाने माझ्या खिडकीकडच्या टोकाला जागा घेतली. तिचा लॅपटॉप यवतमाळहून जुनाच घेतलेला होता. त्याची बॅटरी इतकी थकलेली, की वायर काढली की पाच मिनिटांत तो बंद पडे. निकिताने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की इथे ताई-दादा काही नाही, सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. वर्षाला ते जड गेलं, पण महिनाभरात जमलं. कानाला हेडफोन लावून ती मऊ आवाजात कुणाकुणाची समजूत काढायची. फोनवर पलीकडे लोक चिडलेले असत, पण तिचा आवाज कधी चढला नाही. कंपनीने तिला दोनदा शाबासकीचं पत्र पाठवलं. दुसरं पत्र तिने माझ्यावर ठेवून सगळ्यांना दाखवलं होतं. मित्रांनो, ते दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले.

दिवाळी झाली आणि कापूस फुटला. वेचणीला मजुरी चांगली मिळते, म्हणून पंचफुलाबाईंनी स्वयंपाकाचं काम सोडलं. नवीन बाई मिळेना. मग भिंतीवर पाळ्यांचा कागद लागला. सोमवारी नयन, मंगळवारी निकिता, असा. नयनची खिचडी करपली, निकिताने दोनदा बाभुळगावहून डबे मागवले. वर्षाच्या पाळीला मात्र तिने तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं, भाकरी थापल्या. सगळे बोटं चाटत जेवले. निकिताने तिचा भाकरी थापतानाचा फोटो काढला आणि एकोप्याच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. "तुमच्या तांड्यात सगळ्याच मुलींना इतकं छान येतं का गं?" असं तिने विचारलं. वर्षा हसली. ते हसू मी जवळून पाहिलं, आणि मला ते तेव्हा खरंच वाटलं होतं.

पुढे कोणाची मीटिंग लांबे, कोणाचं डोकं दुखे. पाळी आपोआप वर्षाकडे जाई. आधी आठवड्यातून तीनदा, मग पाचदा. कागद भिंतीवर तसाच होता, फक्त त्याकडे कोणी बघत नव्हतं. ती पहाटे उठून भाजी चिरायची, अकराला कामावर बसायची, जेवणाच्या सुट्टीत भाकरी करायची आणि वाढायची. सगळे माझ्याभोवती बसत आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राही, कारण गरम भाकरी एकामागून एक लागत. ती जेवायला बसे तेव्हा बाकीचे हात धुऊन लॅपटॉपपाशी गेलेले असत.

अंकुर बाकीच्यांशी पुण्याची भाषा बोलायचा आणि वर्षाशी गावची. सुरुवातीला तिला ते आपुलकीचं वाटे. पण हळूहळू गावच्या भाषेत तो फक्त कामंच सांगू लागला. मुंबईहून पाहुणे आले तेव्हा त्याने ओळख करून दिली, की हा नयन अमुक कंपनीत, ही निकिता तमुक करते, आणि ही आमची वर्षा, हिच्या हातची भाकरी खाऊन पाहा. तिच्या कंपनीचं नाव त्याला आठवलंच नाही, की घ्यावंसं वाटलं नाही, मला ठाऊक नाही.

विमलताई रोज सकाळी दूध घेऊन यायच्या. त्यांच्या हे लक्षात आलं होतं. एकदा त्यांनी अंकुरला बाजूला घेऊन विचारलं, की ही पोरगी तुमच्यासारखीच इथे राहते ना, मग सगळं तिच्याच अंगावर काहून? अंकुर म्हणाला, तिलेच आवडते, आई. त्यानंतर दूध देऊन, वर्षासाठी वाटीभर लोणचं ठेवून विमलताई निघून जायच्या.

मे महिना आला. वर्षाचा करार संपत आला होता. कंपनीने कळवलं, की कायम करण्यासाठी दोन मुलींतून एकीला निवडणार, त्यासाठी गुरुवारी बारा वाजता लॅपटॉपवर मुलाखत होईल. वर्षाने हे आठवडाभर आधी सगळ्यांना सांगितलं. पाळ्यांच्या कागदावर गुरुवारच्या रकान्यात तिने 'माझी मुलाखत' असं लिहूनही ठेवलं.

मंगळवारी संध्याकाळी जोराचं वादळ आलं. कॅनॉलकडचे विजेचे खांब आडवे झाले. दोन दिवस वीज नव्हती. आभाळ भरलेलं असल्याने सोलरवर इन्व्हर्टर पुरेसा भरत नव्हता. गुरुवारी सकाळपासून तो बॅटरी संपत आल्याची शिट्टी मारत होता. सगळ्यांच्याच बॅटऱ्या उतरत आल्या होत्या, म्हणून चौघांचे लॅपटॉप माझ्या पट्टीला लावलेले होते. साडेअकराला वर्षा केस विंचरून, चांगला ड्रेस घालून माझ्या टोकाशी येऊन बसली. तिचे हात माझ्यावर टेकलेले होते आणि तळहातांना घाम होता.

अंकुर उठला, इन्व्हर्टर पाहून आला आणि म्हणाला, की सगळे लॅपटॉप चालले तर नेटसकट सगळंच बंद पडेल. एकाने तरी वायर काढावी लागेल. नयनची बारा वाजता ग्राहकाशी मीटिंग होती. निकिताला दुपारपर्यंत काम द्यायचं होतं. अंकुरने स्वतःचं काही सांगितलं नाही. मग तिघांनीही खिडकीकडच्या टोकाकडे पाहिलं.

"वर्षा, तुझं फोनवरून होईल ना गं?" निकिताने विचारलं.

"नाही होत. टॉवरबी बंद आहे, फोनले रेंज नाही," वर्षा म्हणाली. "अन् लॅपटॉपच लागते. मी आठ दिवसांपासून सांगून राह्यली."

अंकुर समजुतीच्या सुरात म्हणाला, "अवं, नयनचा क्लायंट परदेशातला आहे. तुह्या कंपनीले सांग, लाइट गेली होती. ते घेतीन ना उद्या. तवर जेवणाचं पाहून घे, सकाळपासून कोणी खाल्लं नाही."

नयन स्वतःच्या स्क्रीनकडे पाहत राहिला. निकिताने पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

वर्षाने वायर काढली. पिन निघताना माझ्या पोटाखाली झालेला तो लहानसा आवाज मला अजून ऐकू येतो. तिने पाच मिनिटांत कंपनीला निरोप लिहिण्याचा प्रयत्न केला. निरोप अर्धा झाला आणि लॅपटॉप बंद पडला. मग ती उठून आत गेली. बाहेर नयन इंग्रजीत हसून बोलत होता आणि आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

एक वाजता तिने तिघांची ताटं माझ्यावर मांडली, भाजी वाढली, पाणी ठेवलं. भाकरीचा डबा मधोमध ठेवून ती म्हणाली, "अंकुरदादा, मी इथं राहाले आली होती. तुमच्या घरी कामाले नव्हती आली."

इतक्या महिन्यांनी तिने पुन्हा त्याला दादा म्हटलं होतं. आवाज चढलेला नव्हता. ती खोलीत गेली, पिशवी भरली आणि भर दुपारीच कॅनॉलच्या रस्त्याने तांड्याकडे चालू लागली. अंकुर दारापर्यंत गेला, दोनदा हाक मारली आणि परत येऊन जेवायला बसला. तिघेही जेवले.

वर्षाने मागाहून सगळं कळवलं, पण कंपनीने दुसरी तारीख दिली नाही. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

एकोपा त्यानंतर चार महिने चालला. भांडी कोण घासणार यावरून नयन आणि निकिताचं एकदा इतकं भांडण झालं, की नयन दुसऱ्याच दिवशी गेला. महिन्याभरात निकिताही गेली. अंकुरच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं, तेव्हा घराला कुलूप लागलं. माझ्यावर धूळ साचली.

वर्षा इतक्या घाईने का गेली, हे पुंडलिकरावांना ठाऊक नव्हतं. विमलताईंनी एक दिवस ते सांगून टाकलं, स्वतः गप्प राहिल्याचंही सांगितलं. दोन दिवसांनी पुंडलिकरावांनी अंकुरला फोन करून विचारलं, की हे टेबल त्या पोरीला देऊ का? अंकुर म्हणाला, देऊन टाका, नाहीतरी पडूनच आहे. स्वतः येतो, असं काही तो म्हणाला नाही.

मला धुऊन, पुसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. तांड्यात देवसिंगांनी पुंडलिकरावांना खाटेवर बसवलं, चहा दिला. रुक्माबाईंनी माझ्यावर हात फिरवून लाकूड चांगलं असल्याचं सांगितलं. माझी आशा जागी झाली. वर्षा आता बाभुळगावला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करत होती. संध्याकाळी ती घरी आली, ट्रॉलीत मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

पुंडलिकराव उठून उभे राहिले. "पोरी, माह्या घरात झालं ते..." ते म्हणू लागले.

"काका, तुमच्यावर राग नाही मले," वर्षा म्हणाली. "टेबलावरबी नाही. पण मी सहा महिने याच्याभवती वाढत फिरली. हे रोज डोळ्यापुढं राहीन तं मले तेच आठवंल. घेऊन जा."

देवसिंगांनी ट्रॉलीची फळी लावायला मदत केली. अंधार पडायच्या आत मी पुन्हा शेतात आलो आणि या शेडमध्ये टेकवला गेलो. पुंडलिकराव शेडमध्ये येतात, खताचं पोतं उचलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, माझ्या एका बाभळीच्या पायाला वाळवी लागली आहे. मला औषध लावा, पॉलिश करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड जाईल तेव्हा जाईल. तुम्ही मोठे व्हाल, कोणाकोणासोबत एका घरात राहाल, एका टेबलावर काम कराल. भिंतीवर पाळ्यांचा कागदही लावाल. लावलात तर तो वाचत जा. आणि आपल्यातल्या एकाच्या वाट्याचं काही काढून घेतलं जात असेल, तर पाण्याची बाटली उघडत-झाकत बसू नका.

मी लाकूड आहे. त्या गुरुवारी मला बोलता आलं नाही, कारण मला तोंड नव्हतं. माझ्याभोवती बसलेल्यांना होतं.