महाराजांचा घोटा

“गेली! आग गेली!” स्टुटगार्टमध्ये माझ्या भावाच्या, कपिलच्या, हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे इंजिनिअर. पलंगावर आमची आई, कमरेखाली लुळी. तिच्या लाल टाचेवर अंगठा दाबून बसले होते स्पर्शानंद महाराज. अंगठा उचलला, टाच पांढरी! महाराजांनी लगेच वर भगवं फडकं टाकलं.

“तेज मुरतंय. हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही.”

मी हॅनोव्हरला डॉक्टर. व्हिडिओ पाहून मी फोनवर ओरडले, “तिची कूस बदलत राहा! पोटरीखाली उशी दे, टाच टेकू देऊ नकोस!”

“आल्झो, ताई, तुझा कशावरच विश्वास नाही,” कपिल त्याच्या जर्मन ‘हे बघ’ने सुरुवात करत म्हणाला. महाराजांच्या सांगण्यावरून त्याने कूस बदलायला येणाऱ्या नर्सलाही बंद केलं.

काही दिवसांनी मी पोचले तेव्हा आईच्या माकडहाडावर खोल जखम होती आणि खोलीत कुजका वास. महाराजांच्या मते आईची श्रद्धा कमी पडली. “माझंच चुकलं गं,” आई पुटपुटली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला हॉस्पिटलात दाखल केलं आणि रविवारी थेट सत्संगाला गेले.

महाराज लाकडी जमिनीवर मांडी घालून बराच वेळ बोलले. मी पाया पडायला वाकले आणि त्यांच्या लाल झालेल्या घोट्यावर अंगठा दाबला.

“बघा, महाराजांची आग मी काढली!”

घोटा पांढरा. महाराज फडक्याकडे झेपावले, पण ते मी आधीच उचललं होतं. सगळ्यांच्या देखत घोटा पुन्हा लाल झाला.

“दाबलं की रक्त सरकतं, सोडलं की परत येतं. ते परत येताना दिसू नये म्हणून हे फडकं!”

समोर भक्तांमध्ये बसलेल्या शमिका नावाच्या मुलीने स्वतःचा गुडघा दाबून पाहिला आणि खो खो हसली. महाराज उठू लागले.

“बसा!” मी म्हणाले. “हलायचं नाही. तेज मुरू दे.”

“अहो, पाय दुखतोय!” महाराजांनी पाय मोकळा केला.

“दुखतं म्हणून तुम्ही हललात. माझ्या आईला दुखतही नाही, हलताही येत नाही. तिला हलवायला माणूस होतं, तेही तुम्ही बंद करवलंत!”

कोणी हसलं नाही. भक्तांमध्ये बसलेला कपिल रडू लागला. मी त्याला थोपटलं नाही. पोलिसांना मीच फोन केला.

आई अजून हॉस्पिटलात आहे. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्याची कातडी रोज बघा. दाबूनही लाली जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि कूस बदला. त्याला दुखणं कळत नसेल, तुम्हाला तर कळतं.