पाचवा चमचा

मी एक जुना, बुटका मातीचा रांजण आहे, मित्रांनो. भट्टीत एका कुशीला कललो, म्हणून कुंभार मला फोडायलाच निघाला होता. भांडी घ्यायला आलेल्या मलसुनबाईंनी त्याचा हात धरला. "राहू दे हो, मला काय याला चालायला लावायचंय?" म्हणाल्या, आणि मला डोक्यावर घेऊन घरी आल्या. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात चुलीशेजारची जागा मला मिळाली.

माझं काम ऐका. आमच्या चर्चमधल्या बायकांची एक रीत होती. भाताचे तांदूळ मोजून झाले की घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक चमचा परत काढायचा, त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि तो माझ्यात ओतायचा. म्हणजे जेवताना प्रत्येकाने एक घास कमी खायचा. रविवारी ते तांदूळ पिशवीतून चर्चमध्ये जात, आणि तिथून ज्याची चूल थंड त्याच्या घरी. आत पडलेला दाणा घरासाठी परत काढायचा नाही. टंचाईच्या वर्षीही बाईंनी हा नेम मोडला नाही. स्वतः खरवडीचं पाणी पिऊन राहिल्या.

घरात माणसं पाच: बाई, यजमान, मुलगा, सून बोकही आणि धाकटी लेक यनोक. बाईंची पिशवी सगळ्यांत जड. पाळकांची बायको म्हणायची, "मलसुनबाई, तुमची पिशवी उचलायला गडी लागतो बघा!" बाई लाजायच्या. खरं सांगू? मीही फुगायचो.

मग यनोकने कुणालाही न विचारता मिठागरातल्या एका कामगाराशी लग्न केलं. "चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवली नाही कार्टीने!" बाई कडाडल्या. "आजपासून या घरात चारच माणसं." दुसऱ्या सकाळी माझ्यात चारच चमचे पडले. पिशवी हलकी होऊ नये म्हणून बाई स्वतःचा चमचा मात्र शिगोशीग भरू लागल्या. वर शुक्रवारचा उपास. सगळ्या गावाने वाखाणलं. तीन वर्षं बाईंनी पोटाला चिमटा काढला, पण आपल्या ताठ्याला धक्का लागू दिला नाही. मला हे कळत होतं, पण रांजणाला कोण विचारतो!

एका सकाळी बाई तापाने फणफणल्या. बोकहीने चुलीपाशी बसून विचारलं, "आई, नावं सांगा ना, मी चमचे घालते." बाईंनी डोळे मिटूनच यजमानांचं, मुलाचं, सुनेचं नाव घेतलं. मग पुटपुटल्या, "आणि माझी यनोक. मिठाने तिचे पाय फाटले असतील रे, प्रभू." बोकहीने आणखी एक चमचा भरला. तिने तो चमचा माझ्यात ओतला, मग सासूबाईंचा.

दुपारी ताप उतरला तशा बाई उठून आल्या. "किती घातलेस?"

"पाच."

"पाचवा कुणाचा गं?"

"यनोकताईंचा. तुम्हीच नाव घेतलंत."

"काढ तो बाहेर!"

"काढते की," बोकही म्हणाली, "पण त्यांचे दाणे कोणते, तेवढं दाखवा."

बाई माझ्या तोंडाशी वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग माझ्या काठावर कपाळ टेकून हमसून हमसून रडल्या. "प्रभू, घास सोडला, झोप सोडली. हा मीपणा तेवढा सोडवला नाही रे!"

दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसताना त्या मिठागराकडे चालत गेल्या. आईने आपण होऊन अशा लेकीच्या दारात जाणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. पुढे काय झालं ते नंतर माहेरी आली की यनोक भांडी घासताना कितीदा सांगायची. बाई दारातच म्हणाल्या, "चुकले गं मी."

"आत ये, आई," यनोक म्हणाली. "पण भात थोडाच आहे."

"असू दे. मला एक घास कमीच वाढ."

आता बाई स्वतःचा चमचा इतरांसारखा सपाटच भरू लागल्या. त्या रविवारी पाळकांच्या बायकोने पिशवी उचलून पाहिली. "या खेपेला हलकी वाटते हो."

"असेल," बाई हसल्या. "पण पाचही जण आहेत तिच्यात."

बाई आता नाहीत. मी यनोकच्या घरी आहे. तिच्याकडे भात विजेच्या भांड्यात होतो. कित्येक वर्षं माझ्यात कांदे होते, नंतर नुसती धूळ. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मात्र तिने मला धुऊन पुन्हा ओट्याशेजारी ठेवलं. पहिला चमचा तिने भरून हातात घेतला. मग ज्या जावेशी वर्षभर अबोला होता, तिचं नाव तिने घेतलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असा माझा हट्ट नाही. तांदूळ थोडे पडले तरी चालतील. फक्त कुणाचं नाव गाळू नका.