चंदना मगदूम यांची सही

“ह्येच्यावरची सही तुमचीच न्हवं?”

शालूबाईंनी रिपोर्ट काउंटरवर पसरला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर शिरक्याची बाटली ठेवली. पहिल्या एसटीने गडहिंग्लजहून निघून, कोल्हापुरात राजारामपुरीतली तपासणी लॅब विचारत विचारत ही बाई आली होती. चंदना मगदूम यांनी चष्मा वर सरकवला. सही त्यांचीच होती. चोवीस वर्षांत त्या सहीकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

रिपोर्ट असा, की नमुन्यात ॲसेटिक आम्लाशिवाय काही आढळले नाही. सबब हा शिरका रस आंबवून केलेला नसून बाजारातल्या ॲसिडात पाणी घालून केलेला दिसतो. शालूबाईंच्या बचत गटातल्या अठरा बायका उसाच्या रसाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करायच्या. पुण्याच्या ज्या कंपनीने माल घेतला होता तिने सगळी पिंपं परत पाठवली होती, आणि आज पाचच्या आत लॅबचा दुसरा कागद आला नाही तर गटाचं नाव कायमचं काढून टाकणार होती. पण शालूबाईंना खरी आग लागली होती ती गावातल्या बोलण्याची. दळणाला गेलं तरी बायका ॲसिडवाल्या आल्या म्हणून हसत होत्या.

“चव घिऊन बघा, बाई,” त्या म्हणाल्या. “मग म्हणा खोटं हाय म्हणून.”

आता आली का पंचाईत! चंदनाबाईंच्या घरात आंबवलेलं काही चालत नाही. शिरक्याचे नमुने त्यांनी आयुष्यभर तपासले, पण थेंब कधी जिभेला लागला नव्हता. आम्ही जैन, आमच्यात हे खात नाहीत, असं त्यांनी सांगितलं. शालूबाई रागावल्या नाहीत. धर्म मोडा म्हणून कोण सांगतंय, वास तर घ्या, म्हणाल्या आणि बूच काढलं. आधी नाकात झणका गेला. मग मागून हळूच ओल्या चिपाडांचा वास आला. चंदनाबाई तशाच आत गेल्या.

त्यांनी नोंदवही काढली. ‘शंभरपट पातळ केला’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं. शिरका तीव्र असतो म्हणून शंभरपट पातळ करायचा, ही लॅबची पहिल्या दिवसापासूनची रीत. लॅब काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी त्यांना शिकवली, त्यांनी पुढे दहा जणांना शिकवली, आणि का, हे कुणी कधी विचारलं नाही. एवढं पाणी घातल्यावर मोठं ॲसेटिक तेवढं दिसणार. रसातून आलेली बारीक आम्लं कुठून दिसायला? त्यात मशीनची जुनी नळी. आम्लं या नळीत अडत अडत एकेक करून बाहेर पडावीत, तेव्हा ती वेगळी मोजता येतात. जुन्या नळीला ही आम्लं धरवतच नव्हती. लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखी सगळी एकदम बाहेर.  स्वतःचा असा राग चंदनाबाईंना आयुष्यात आला नव्हता.

कपाटात एक नवी नळी होती, मिश्र पद्धतीची. तिच्यातली पूड आम्लाला दोन तऱ्हांनी धरते. एका तऱ्हेने निसटलेलं दुसऱ्या तऱ्हेने सापडतं. ती एका औषध कंपनीच्या कामासाठी आणली होती, आणि तिला दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही अशी मालकांची, पृथ्वीराज सरांची, सक्त ताकीद होती. चंदनाबाईंनी हात लावला. नुसता लावला नाही, जुनी नळी काढून ती मशीनला जोडलीसुद्धा.

शालूबाईंची बाटली मात्र त्यांनी घेतली नाही. उद्या कुणी बाटली बदलली म्हणायला नको. फ्रीजमध्ये त्याच नमुन्याचा सील केलेला अर्धा भाग होता, तो फोडला आणि या वेळी दहापटच पातळ केला. उसाचं स्वतःचं एक आम्ल असतं, ॲकोनिटिक. ते सापडलं म्हणजे शिरक्यात ऊस आहे. पण ते ओळखायला तुलनेला शुद्ध आम्ल हवं, आणि त्याची बाटली मागवायची तर तीन आठवडे. चंदनाबाई पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेल्या. एक ग्लास रस, आलं नको, लिंबू नको, बर्फ नको. रसवाल्याने हे कसलं गिऱ्हाईक म्हणून बघितलं. वर चरक धुवायला लावला तेव्हा तर तो बघतच राहिला.

दुपारी दीड वाजता पडद्यावर रेघ उमटू लागली. ॲसेटिकचा मोठा डोंगर, त्याच्या अलीकडे-पलीकडे लॅक्टिक, मॅलिक, सक्सिनिक, एकेक सुटं. आणि सगळ्यांत शेवटी एक छोटासा टोकदार उंचवटा. गाळलेला रस सोडला, तर त्याच मिनिटाला तसाच उंचवटा. दोन्ही मिसळून सोडले, तर दोन उंचवटे झाले नाहीत. एकच झाला, उंच. म्हणजे आम्ल तेच.

“सापडला बघा तुमचा ऊस,” त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. दारातून दिसणाऱ्या पडद्यावरचं शालूबाईंना काही कळलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

साडेतीनला पृथ्वीराज सर आले आणि नळी बघून भडकले. पुढे चंदनाबाईंनी लिहिलेला दुरुस्तीचा कागद वाचला तेव्हा आवाज एकदम खाली आला. त्यांचं म्हणणं, नमुना खराब होता असं कळवू, नवा मागवू, महिन्याभराने चांगला रिपोर्ट देऊ. सापही मरेल, लॅबचं नावही राहील. चंदनाबाई ऐकेनात. शेवटी ते म्हणाले, कागद जाईल, पण चूक एकट्या मगदूम मॅडमची असं त्यावर लिहायचं, आणि उद्यापासून रिपोर्टवर त्यांची सही नाही.

 नवरा गेल्यावर सासरच्यांनी चंदनाबाईंना घरी बसा म्हटलं होतं, तेव्हा याच सहीच्या जोरावर त्या घराबाहेर पडल्या होत्या. पण त्या वाकल्या नाहीत.

“लिहिते,” त्या म्हणाल्या. “पण सर, शिरक्याचे असले अकरा रिपोर्ट मी आधी दिल्यात. ते पण काढणार.”

“त्यांनी मागितलंय का? कशाला उकरून काढताय?”

“शालूबाईंनी येऊन सांगितलं म्हणून चूक झाली न्हाय, सर. ती आधीपासनंच हाय. मशीनला हात लावू देणार नसाल तर दुसऱ्या लॅबच्या दारात जाऊन बसीन.”

 सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. चंदनाबाईंनी कागदावर ‘चूक माझी’ असं लिहिलं, शेवटची सही केली आणि पाचला दहा कमी असताना कागद पुण्याला पाठवला. शालूबाईंनी जाताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. 

त्या गेल्यावर चंदनाबाईंनी जुन्या फायली काढल्या. पहिला रिपोर्ट नऊ वर्षांपूर्वीचा, शिरोळच्या बापूसो चौगुल्यांचा. अर्जावरचा नंबर त्यांनी फिरवला, आणि लागला. आपण कोण ते सांगून त्या म्हणाल्या, की तुमचा शिरका खोटा असं मी लिहिलं होतं, ते तपासणं चुकीचं होतं.



“धंदा बंद झाला की, बाई,” बापूसो म्हणाले. “त्या रिपोर्टानंच.”

“माझ्या रिपोर्टानं,” चंदनाबाई म्हणाल्या. “त्यातली एखादी बाटली ऱ्हायलीय का?”

“हाय एक. आई जाईपातूर म्हणत हुती, खरा शिरका हाय, टाकू नगा. दोन पूर आले, तरी माळ्यावर तशीच हाय. पण आता काय करायचं तिचं?”

“खाली काढा. मी येते न्यायला, पुन्हा तपासते.”

“आत्ता काढू?”

“व्हय. मी फोन धरते.”

पलीकडे शिडी भिंतीला लावल्याचा आवाज आला. चंदनाबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.