ऑरिनच्या गॅरेजचं दार

व्हर्नाच्या गॅरेजसमोर त्या संध्याकाळीही अर्धी गल्ली जमली होती. हिरवळीवर घडीच्या खुर्च्या, मांडीवर गोधड्या, हातात सफरचंदाच्या गरम रसाचे कप. ऑक्टोबर सरत आलेला, विस्कॉन्सिनची थंडी कानाला चावत होती, पण हलायला कोणी तयार नव्हतं. व्हर्नाने भिंतीवरचं बटण दाबलं. दार हातभर खाली आलं, थबकलं आणि आल्या वाटेने वर गेलं. छतातला दिवा लुकलुकायला लागला.

"आला!" कोणीतरी म्हणालं.

"ऑरिन उंबऱ्यात उभा आहे," डेल्फीनबाई डोळे मिटून म्हणाल्या. "घरधन्याच्या अंगावर दार पडेल कसं?"

या बाई शेजारच्या गावच्या. मेलेल्यांशी त्यांचं रोजचं बोलणं, आणि मेलेलेही भारी समजूतदार. नेमकं बाईंच्या सोयीचं तेवढंच बोलत. जूनमध्ये वारलेला व्हर्नाचा नवरा ऑरिन त्यांच्या तोंडून बजावत होता की दाराच्या यंत्राला कोणी हात लावायचा नाही. दुरुस्त केलंत किंवा नवं बसवलंत तर तो वाट चुकेल.

"व्हर्ना, हे धूड जुनं झालंय गं," शेजारचा ड्वेन म्हणाला. "काढून टाक. नवं मीच बसवून देतो."

"आधी बिघडलंय काय ते तरी बघू," व्हर्नाची मुलगी करीन म्हणाली.

"काहीच बिघडलेलं नाही," व्हर्ना म्हणाली आणि खोकली.

तो खोकला करीनच्या काळजात रुतत होता. वसंतात आईला न्यूमोनिया झाला होता. आता ती रोज काळोख पडेपर्यंत उघड्या गॅरेजात बसायची, शेजारी नवऱ्याची रिकामी खुर्ची मांडून. करीन शाळेत विज्ञान शिकवायची. तरीही पहिल्या दिवशी दार माघारी फिरलं तेव्हा तिच्याही तोंडून "बाबा" निघून गेलं होतं. तिलाही तो यायला हवाच होता.

मंगळवारी आभाळ भरलेलं होतं, तेव्हा दार मुकाट बंद झालं. व्हर्नाचा चेहरा एवढासा झाला. मग डेल्फीनबाई उठल्या, पूर्वेकडच्या चौकटीला टेकून "ये, ऑरिन, ये" करू लागल्या, आणि पुढच्या वेळी दार परतलं. सगळ्यांनी डोळे पुसले. करीनने मात्र बाईंच्या पायघोळ झग्याकडे पाहिलं. चौकटीच्या तळाशी समोरासमोर यंत्राचे दोन छोटे डोळे, म्हणजे सेन्सर, असतात. एकातून किरण निघतो, दुसऱ्यात पोचतो. मध्ये मांजर जरी आलं तरी दार माघारी फिरतं. झग्याची झालर बरोबर त्या डोळ्यावर होती.

बाईंची लबाडी कळली. पण आज बाई खुर्चीत होत्या आणि झगाही खुर्चीत होता. करीन फरशीवर आडवी झाली. मावळतीचं ऊन सरळ पूर्वेकडच्या डोळ्यात घुसत होतं. त्या झगझगाटात बिचाऱ्याला किरण दिसणार कुठून? तिने मागे वळून पाहिलं. घरासमोरची गाडी लावायची जागा रिकामी होती. ती तशीच थोडा वेळ पडून राहिली.

"ड्वेन, तुझा ट्रक आण. इथे, पश्चिमेच्या कडेला लाव."

ट्रक लागला. सावली चौकटीवर पडली. करीनने बटण दाबलं आणि दार सुरळीत जमिनीला टेकलं.

"तुमच्या अविश्वासाने तो निघून गेला!" डेल्फीनबाई कडाडल्या.

करीनने दार पुन्हा वर घेतलं. "ड्वेन, ट्रक मागे घे."

यावेळी दार हातभर उतरून परत फिरलं. ट्रक पुढे आला, दार मिटलं. तिने ते पुन्हा वर घेतलं.

"बाई, ऑरिन तुमचं ऐकतो की माझ्या गियरचं?" ड्वेनने खिडकीतून विचारलं. हिरवळीवर हशा पिकला. मंगळवारी बाईंचा झगा कुठे होता तेही करीनने सांगितलं, तेव्हा हसू थांबलं आणि लोक खाली बघू लागले. बाई झगा सावरत निघून गेल्या.

फक्त व्हर्ना हसली नव्हती. "इतकी वर्षं असं कधी झालं नाही," ती म्हणाली. "तो गेल्यावरच का?"

करीनला हे सांगायचं नव्हतं.

"शरदात संध्याकाळी बाबांचा ट्रक इथेच उभा असायचा, आई. त्याची सावली पडायची. तो ट्रक आपण ऑगस्टमध्ये देऊन टाकला." तिने वळून दाराकडे बोट केलं. "बाबा येतात म्हणून दार उघडं राहत नाही. बाबा नाहीत म्हणून राहतं."

व्हर्नाने शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडायला भूत लागत नाही, आई. माणूस गेलंय, एवढं पुरे आहे. पण कोणी 'तो इथे उभा आहे' म्हणालं, तर आधी वाकून बघायचं. मीसुद्धा पहिल्याच दिवशी वाकायला हवं होतं."

ड्वेनने खाकरून विचारलं, "मग काय करू? दुरुस्त करू की नवं आणू?"

"यंत्राला काही झालेलं नाही," व्हर्ना म्हणाली. "त्या डोळ्यावर एक आडोसा बसव." तिने ऑरिनची खुर्ची मिटून भिंतीला लावली, स्वतः बटण दाबलं आणि दार पूर्ण खाली येईपर्यंत उंबऱ्याकडे बघत उभी राहिली.