चमचाभर गोड

दुपटी धुऊन सरस्वती मोरीतून बाहेर आली, तर छकुली गाढ झोपलेली. आठ महिन्यांचं पोर, दोन दिवस नाक चोंदून किरकिरत होतं, आणि आता एवढं शांत? पापा घ्यायला ती वाकली आणि तशीच थबकली. लेकीच्या तोंडाला सासऱ्यांच्या संध्याकाळचा वास येत होता.

"आई, काय दिलंत हिला?"

"ब्रँडी गं, चमचाभर," कौसाबाई वाटी पुढे करत म्हणाल्या. "सर्दीला देतातच. तुझ्या कमळाकरला मी असाच वाढवला. थुंकत होती शिंची, म्हणून माझी एक गोळी खलून घातली. साखर नाही हो! साखरेनं कफ होतो, एवढं कळतं मला."

गोळी म्हणजे सॅकरीन. मधुमेह निघाल्यापासून सासूबाईंच्या चहात पडायची ती. सरस्वतीने वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. आधी चिकट गोड, मग घशाशी पत्रा चाटल्यासारखा कडवटपणा, गिळला तरी जाईना.

"थोडी चांगलीच असते," सासरे खाटेवरून म्हणाले. "मी नाही रोज दोन झाकणं घेत? हृदयाला बरी."

झाकणं चार असतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिचं वजन सात किलो आहे, बाबा."

तिने छकुलीच्या तळव्याला टिचकी मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. पाय पुन्हा लुळा पडला. तिने गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवला, तेव्हा कुठे पोरीने भोकाड पसरलं. मग मधेच थांबून ओठ चाटले आणि आजीच्या चमच्याकडे बघून तोंड उघडलं.

"बघ, आवडलं गं बाईला!"

सरस्वतीने चमचा काढून घेतला. तिने वाटी फडक्यात गुंडाळली.

"अगं, वाटी घासायचीय!"

"घासू नका. डॉक्टरांना दाखवायचीय."

कॅम्प तीनमधल्या दवाखान्यापर्यंत शेअर रिक्षात ती टिचक्या मारत राहिली. डोळे मिटले की टिचकी, टिचकी की रडणं, आणि रडण्याबरोबर तो वास. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावून हिच्याचकडे संशयाने पाहिलं. सरस्वतीने तोंड वळवलं नाही.

डॉक्टरांनी वाटी हुंगली, छकुलीला तपासलं. "श्वास ठीक आहे. पण संध्याकाळपर्यंत इथंच बसा. आणि घरी एकटीला सोडू नका."

"मग कोणाजवळ ठेवू?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी वाटी परत तिच्या हातात दिली. ती बाकावर बसली आणि घटकेघटकेला लेकीचं तोंड हुंगत राहिली.