एका हाताचे टाके

मित्रांनो, मी भरतकामाची एक जुनी लाकडी रिंग आहे. माझे नक्की वय मला सांगता येणार नाही; पण माझ्या पितळी स्क्रूची चकाकी गेली, त्यालाच वीस वर्षे झाली असावीत. एका कारागिराने लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या वाफेवर मऊ केल्या, गोल वाकवल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि एकीत एक बसवल्या. मध्ये कापड घालून स्क्रू पिळला, की कापड ताठ होते. एवढेच माझे काम. पण ते मला मनापासून आवडते.

शाळेतल्या शिवणाच्या तासासाठी एका मुलीने मला घेतले. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईने माझ्यात ताणून उशांचे अभ्रे भरले, टेबलक्लॉथ भरले. शेजारणी कापड उलटून पाहत आणि म्हणत, "अगं, मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी!" तेव्हा मी फुगून जाई. लाकडाने फुगणे बरे नव्हे, पण काय करणार! पुढे ताईला नोकरी लागली, संसार आला, आणि मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेले. सुटी बटणे आणि गंजके हुक यांच्या संगतीत कित्येक वर्षे काढली.

एक दिवस ताईने डबा उघडला. तिचे केस पिकले होते.

त्या धाकट्या भावाला आता सगळे मास्तर म्हणत. ते गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षे शिकणाऱ्याच्या शेजारी बसून "क्लच! अहो, क्लच म्हणतोय मी!" असे ओरडत आले होते. त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक असे. पण डबा उघडला त्याच्या वर्षभर आधी त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, डाव्या हाताला नळ्या जोडून मशीनशेजारी पडून राहायचे. फारसे दुखत नसे. पण ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली होता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. ते मशीनवरच्या आकड्यांकडे डोळे वटारून पाहत, दर दहा मिनिटांनी सिस्टरना हाक मारत. रक्तदाब चढत जाई. दोनदा तर हट्ट करून नळ्या काढायला लावल्या आणि अर्ध्यातून घरी गेले.

"असं करत राहिलात तर पाणी फुप्फुसात साठेल," डॉक्टर म्हणाले. "मग तुम्ही इथे चालत येणार नाही, तुम्हाला आणावं लागेल."

ते ऐकून ताई घाबरली आणि तिने मला बाहेर काढले.

"हे काय आणलंस?" मास्तर म्हणाले. "मी काय आता रुमालावर फुलं काढत बसू?"

"बसायचं तर आहेच. इतके दिवस नुसता बसलास, काय दिवे लावलेस?"

मोठ्या सिस्टर तर ऐकूनच उडाल्या. "सुई? इथे? अजिबात नाही!"

पण ताई सगळी तयारी करून आली होती. बोथट टोकाच्या सुया, भोकाभोकांचे जाड मॅटी कापड, आणि सोपा फुलीचा टाका. अखेर सिस्टरनी अट घातली. येताना सुया मोजायच्या, जाताना मोजायच्या. एक जरी कमी भरली तर सगळे बंद.

मास्तरांचा एकच हात मोकळा, मग मला धरणार कोण? ताईने छोट्या शिकंज्याने मला पलंगावरच्या टेबलाच्या कडेला पक्के बसवले. मास्तर वरून सुई घालत, तोच हात टेबलाखाली नेत आणि चाचपडत ती परत वर ढकलत. पहिल्या चार तासांत अकरा फुल्या झाल्या. निम्म्यांची तोंडे एकीकडे, निम्म्यांची दुसरीकडे.

"उसव," ताई म्हणाली.

"राहू दे. शिकाऊ माणूस आहे."

मग त्यांनी शिकवणीच्या गाडीवर असतो तसा मोठा लाल 'एल' भरला आणि आपल्या पलंगाला टांगला. सगळा वॉर्ड हसला. मोठ्या सिस्टरही.

तिसऱ्या आठवड्यात मशीन अचानक किंचाळू लागले. एरवी मास्तर ताडकन उठून बसले असते. त्या दिवशी सुई अर्ध्या फुलीत होती. ते म्हणाले, "सिस्टर, सावकाश या. माझी अर्धी राहिलीय." नळीला पीळ पडला होता, तो सिस्टरनी सोडवला. मग रक्तदाब मोजला, आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजला.

एकच गोष्ट मास्तरांना जमत नसे: सुईत दोरा ओवणे. ताई घरूनच दहा सुया ओवून आणी. एकदा ताईला ताप आला आणि मास्तर एकटेच आले, बिनदोऱ्याच्या सुया घेऊन. सिस्टरांची तर सारखी धावपळ.

त्या दिवशी उजवीकडच्या पलंगावर एक बाई नव्याने आल्या होत्या. त्या घरोघरी टपाल वाटायच्या. जन्म पायी फिरण्यात गेलेला. अर्ध्या तासातच त्या रडू लागल्या. "सोडा मला. घरी जायचंय मला. पाय शिवशिवतायत माझे."

मास्तरांनी तोंड उघडले. मला वाटले, आता झाले, भाषण सुरू! पण ते म्हणाले, "बाई, तुमचा कुठला हात मोकळा आहे?"

"डावा. डावखुरी आहे मी. का?"

"मग जरा हा दोरा धरा. मी सुई धरतो."

दोन पलंगांच्या मधल्या जागेत दोन हात पुढे आले. दोरा इकडे जाई, सुई तिकडे.

"थोडं डावीकडे घ्या. अहो, डावीकडे!"

"तुमची सुईच हलतेय!"

"माझी? बरं, थांबा. आता श्वास रोखा दोघांनी."

सातव्या खेपेला दोरा आरपार गेला. बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. "तुम्ही गाडी शिकवता म्हणे. लोक शिकतात तरी कसे?" अजून नऊ सुया ओवायच्या होत्या. त्या गप्पांत वेळ कसा गेला ते दोघांनाही कळले नाही, आणि बाई चार तास पुरे करूनच घरी गेल्या.

आता आम्हाला वर्ष झाले. पहिले दोन तास मी मास्तरांकडे, पुढचे दोन बाईंकडे. मास्तरांचा आजार गेलेला नाही. काही दिवस थकवा इतका असतो, की ते नुसते कापडावरून बोट फिरवत पडून राहतात. पण मागच्या आठवड्यात सिस्टर नळ्या काढायला आल्या, तेव्हा मास्तर म्हणाले, "झालं? आत्ताच?" आणि ताईने चटकन खिडकीकडे तोंड वळवले.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर दारातूनच "बरं वाटतंय का?" विचारून खेळायला पळू नका. जवळ बसा. त्यांच्या हाताला जमेल असे काहीतरी द्या आणि जे अडेल तिथे तुमचा हात लावा. टाका वाकडा आला तर हसा खुशाल, पण त्यांच्याबरोबर हसा.

आता मला आवरते घेतले पाहिजे. बाई कापड बदलत आहेत, आणि एकदा त्यांची पाळी आली, की त्या कुणाचेही ऐकून घेत नाहीत.